नोव्हेंबरातला नाताळ

आमचे घरमालक दरवर्षी नोव्हेंबरात एका रेडिओ स्टेशनला फोन करत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून नोकरीच्या व्हिसावर आले होते आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेऊन राहत होते. पहिल्याच वर्षी तो फोन मी ऐकला. सकाळी ट्रेन पकडायच्या घाईत खाली आले तर घरमालक काका स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनपाशी ताठ उभे होते. एरवी ते निळा युनिफॉर्म घालून कामाला जात. त्या दिवशी त्यावर कोट चढवलेला होता आणि गळ्यात टाय होता.

"मॅडम, आज नोव्हेंबरची बारा तारीख आहे," ते इंग्रजीत सांगत होते. "तुमच्या स्टेशनवर आत्ता लागलेलं गाणं पंचवीस डिसेंबरचं आहे. काहीतरी चूक झाली असावी, म्हणून कळवतो."

चूक झालेली नव्हती. वर्षभर जुनी, मऊ आवाजातली गाणी लावणारं ते स्टेशन नोव्हेंबर अर्ध्यावर आला की नाताळाच्या गाण्यांवर जाई आणि मग दीड महिना घंटा, बर्फ आणि घसरगाड्या याशिवाय दुसरं काही लावत नसे. पूर्वी ही गाणी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर सुरू होत. मग ती दरवर्षी थोडी थोडी अलीकडे सरकत आली. फोन घेणाऱ्या मुलीला काकांचा आवाज पाठ झाला होता. ती त्यांचं म्हणणं शांतपणे लिहून घेई, आभार मानी आणि गाणी चालू राहत. काका फोन ठेवत, टाय सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकत आणि डबा घेऊन कामाला जात. चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. आपण कळवायचं काम केलं, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर असे.

त्यांना नाताळाचा राग होता असं नाही. पंचवीस डिसेंबरला त्यांच्या घरात सकाळपासून तीच गाणी मोठ्यानं चालत. सगळे शब्द त्यांना येत. शेजारच्या घरातल्या पोरांना ते पेन्सिली आणि चॉकलेटं नेऊन देत. पण सव्वीस तारखेला सकाळी तुम्ही त्यातली एखादी ओळ गुणगुणलात तर ते मान वर करून बघत.

जे ज्या दिवसाचं, ते त्या दिवशी. हे त्यांचं वाक्य होतं आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला ते लागू होतं. हीटर पंधरा ऑक्टोबरला सुरू होई. त्याआधी कितीही गारठलं तरी मी दोन स्वेटर घालून बसे आणि तेही कानटोपी घालून बसत. आमरसाचा डबा मे महिन्याआधी फुटत नसे. डब्लिनला, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनला, त्यांची मुलगी राहायची. तिच्या वाढदिवसाचं कार्ड नेमकं त्याच दिवशी पोचावं म्हणून ते पोस्टातल्या माणसाशी आधी सल्लामसलत करत. एकदा ते एक दिवस आधी पोचलं तर मुलीला फोन करून त्यांनी पाकीट उद्या उघड असं सांगितलं. ती हसली असणार. पण तिनं दुसऱ्या दिवशीच उघडलं, हे त्यांनी मला अभिमानानं सांगितलं.

आमच्या भागातलं मराठी मंडळ दिवाळी साधून येईल त्या शनिवारी करी. कधी ती दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी येई. काकांना कुणीतरी आग्रहानं बोलावलं तेव्हा त्यांनी विचारलं, "सण आहे का दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट?" आपल्या माणसांनाही ते सोडत नसत. नागपूर-अमरावतीकडची पाचपंचवीस बौद्ध कुटुंबं एप्रिलात एखादा हॉल घेऊन सोयीच्या शनिवारी जयंती करत. काका त्या कार्यक्रमाला जात, सतरंज्या घालत, खुर्च्या आवरत. पण चौदा तारखेला ते कामावरून रजा घेत आणि पांढरे कपडे घालून घरी एकटे बसत. सहा डिसेंबरलाही तसंच. त्या दिवशी घरात रेडिओ लागत नसे. निळ्या कोटातल्या फोटोपुढे एक मेणबत्ती असे. खिडकीबाहेर सगळी गल्ली लाल-हिरव्या दिव्यांनी लखलखत असे. पहिल्या वर्षी मी त्या दिवशी नकळत शिट्टी वाजवत जिना उतरले आणि त्यांना पाहून थबकले. ते म्हणाले, "तुला माहीत नव्हतं. बस." मी बसले. मेणबत्ती संपेपर्यंत बसून राहिले.

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी. मी खोली घेतली त्या आठवड्यात आईचा पुण्याहून फोन आला आणि तिनं पहिल्यांदा घरमालकांचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, "घर स्वच्छ आहे ना?" मी हो म्हटलं आणि विषय बदलला. काका त्याच खोलीत भाजी चिरत होते. माझ्या बाजूचं बोलणं ऐकून पलीकडचा प्रश्न त्यांना कळला असणार, कारण फोन ठेवल्यावर त्यांनी चाकू धुऊन पुसला, जागेवर ठेवला आणि मला विचारलं, "भाजीत गूळ घालू का? तुमच्याकडे घालतात." मी तेव्हा आईला काही बोलले नाही, याची लाज मला अजून आहे.

काका एका वृद्धाश्रमात मेंटेनन्सचे प्रमुख होते. नागपूरला त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता आणि सत्तरच्या दशकात ते इकडे आले होते. बॉयलर, लिफ्ट, दिवे, भिंतीवरची घड्याळं, सगळं त्यांच्याकडे. तिथली चौतीस घड्याळं एकाच सेकंदाला चालत, असं ते सांगत. मी एकदा सहज चार-पाच तपासली, तर खरंच चालत होती. काकू काही वर्षांपूर्वी वारल्या होत्या. घरात मी आणि ते. शनिवारी मी खोलीत पडून राहते हे त्यांना बघवेना. "दिवसभर छताकडे पाहून काय करून राहिलीस? चल, माणसांत बस," असं म्हणून ते मला आश्रमात घेऊन गेले. मग दर शनिवारी मी तिथे जायला लागले. म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायचा, पत्ते खेळायचे, कुणाची लोकर गुंडाळायची.

तिथल्या सगळ्या बायका काकांच्या लेखी आजी होत्या. त्यांच्यात एक हिरव्या झग्याची आजी होती. तिनं तीस वर्षं एका शाळेत संगीत शिकवलं होतं. आता तिची आठवण विरत चालली होती. सकाळी काय खाल्लं, वर्ष कोणतं, नवरा जिवंत आहे की नाही, हे तिला सांगता येत नसे. पण गाणं लागलं की तिला ते ऐकू यायचं आणि कळायचंही. तिचा एकुलता एक मुलगा कॅलिफोर्नियात राहत होता आणि दरवर्षी नाताळाच्या आदल्या दिवशी तिला भेटायला येई. वर्षातून एकदाच.

आश्रमाच्या छतात लहान स्पीकर बसवलेले होते आणि त्यांतून दिवसभर तेच रेडिओ स्टेशन चालू असे. त्यामुळे काकांनी कळवलेली चूक बारा नोव्हेंबरला आश्रमातही झाली. न्याहारी चालू असताना छतातून नाताळाचं गाणं आलं. आजीनं चमचा ठेवला. खोलीत जाऊन नर्सकडून हिरवा झगा, कोट आणि पर्स मागून घेतली आणि पुढच्या दारापाशी बाकावर जाऊन बसली. मुलगा येणार होता ना! दुपारी तिला जेवायला उठवायला गेले तर म्हणाली, तो आल्यावर बरोबर जेवीन. संध्याकाळी तिला कशीबशी आत नेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाणं लागलं, पुन्हा झगा, पुन्हा बाक. तिच्यासाठी तो रोज पहिलाच दिवस होता. दार उघडलं की गार वारा तिच्या पायांवर येई आणि प्रत्येक येणाऱ्याकडे ती अर्धवट उठून बघे.

चौथ्या दिवशी काकांनी छतातले स्पीकर बंद केले. कुणाला विचारलं नाही.

व्यवस्थापक बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. ती बाई वाईट नव्हती. तिचं म्हणणं असं की एका बाईसाठी ऐंशी माणसांचा आनंद बंद करता येत नाही. काका म्हणाले की ऐंशी माणसांना सव्वा महिना थांबता येईल. हे सगळं त्यांनी मला घरी सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात जराही शंका नव्हती. नियम त्यांच्या बाजूला होता आणि आजीही त्यांच्या बाजूला होती. दुसरा माणूस असता तर त्यानं बाईंपुढे माघार घेतली असती, पण स्पीकर बंदच राहिले.

त्या शनिवारी मी काकांबरोबर तळघरातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये बसले होते, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ चाकांच्या खुर्चीतून लिफ्टनं खाली आले. ते पूर्वी शिकागोच्या उपनगरी गाड्यांवर कंडक्टर होते. काकांची आणि त्यांची खास दोस्ती होती, कारण दोघंही घड्याळाचे भक्त. रोज सकाळी दोघं एकमेकांची घड्याळं ताडून पाहत. मला वाटलं, आजही त्यासाठीच आले असतील. पण त्यांनी घड्याळ काढलं नाही.

त्यांनी काकांना गाणी चालू करायला सांगितलं. काकांनी आजीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यांनी ती ऐकून घेतली, मान डोलावली. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. वेळेआधी गाडी सोडणारा माणूस मलाही आवडत नाही. पण डॉक्टरांनी मला थँक्सगिव्हिंगपर्यंतचे दिवस सांगितलेत. डिसेंबर माझ्या वाट्याला नाही. मला आत्ता ऐकू दे."

हातातला पाना काकांनी टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तो सगळा रविवार ते आश्रमातच होते. छतातल्या वायरी त्यांनी उपसून वेगळ्या केल्या. पुढचं दार, तिथला बाक आणि आजीची खोली यांच्याकडे जाणारा आवाज तोडला. मागच्या बाजूला, जिथे कंडक्टरसाहेबांची खोली होती, तिथे चालू ठेवला. व्यवस्थापक बाईही खूष झाल्या. आजी हळूहळू शांत झाली. कधी लांबून सूर कानावर आला तर उठायची, पण बहुतेक दिवस ती जेवायची. काका मात्र रोज दुपारी डबा घेऊन कंडक्टरसाहेबांच्या खोलीत जाऊन बसायला लागले. नोव्हेंबरात, नाताळाची गाणी ऐकत. गृहस्थ डोळे मिटून पडलेले असत आणि एखादं आवडतं गाणं आलं की बोट वर करत. थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी ते गेले. काका म्हणाले, "गाणं चालू होतं." एवढंच.

त्यानंतर ते थोडे बदलले असावेत, पण माझ्या लक्षात आलं ते पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी त्या स्टेशननं कहर केला. एकतीस ऑक्टोबरच्या हॅलोवीनचे भोपळे अजून पायऱ्यांवर होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजायला लागल्या. मी मुद्दाम लवकर खाली आले. टाय, कोट, फोन, सगळं डोळ्यांसमोर होतं. काका युनिफॉर्ममध्ये चहा पीत बसले होते.

मी विचारलं, फोन नाही केला?

"कशाला?" ते म्हणाले. "ऐकून राहिला असेल कोणी."

आजीची तब्येत त्या वर्षात फार उतरली होती. वायरी तोडलेल्या होत्या, पण आता नुसते स्पीकर राहिले नव्हते. टीव्हीवरच्या जाहिरातींत तीच गाणी, भेटायला येणाऱ्या नातवंडांच्या खेळण्यांत तीच, नर्सच्या ओठांवरही तीच. कुठूनतरी एक सूर आला की आजी झगा मागे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तिनं बाक धरला. तो आल्यावर जेवीन, असं म्हणून चमचा बाजूला सारायची. झगा तिच्या खांद्यांवरून घसरायला लागला होता. समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज नाताळ नाही असं सांगितलं तर ती इतक्या सभ्यपणे हसे की सांगणाऱ्यालाच आपण खोटं बोलल्यासारखं वाटे. वजनाचा कागद डॉक्टरांनी मुलाला पाठवला होता. त्याचं उत्तर आलं होतं की तो नेहमीप्रमाणे चोवीस डिसेंबरला येतो आहे, तिकीट काढलेलं आहे.

हे उत्तर काकांनी ऐकलं तो मंगळवार होता. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. पुढे एक चिठ्ठी होती. तिच्यावर कॅलिफोर्नियाचा फोन नंबर होता. आश्रमात नातेवाइकांचे नंबर ऑफिसच्या फाइलीत असत आणि तिथून ते घेण्याचा किंवा त्यांना परस्पर फोन करण्याचा अधिकार मेंटेनन्सच्या माणसाला नव्हता. हे त्यांनीच मला सांगितलं, कुणी विचारायच्या आधी.

"तू इथं बस," ते म्हणाले. "मी जास्त बोलायला लागलो तर हात वर कर."

मी बसले. त्यांनी नंबर फिरवला. स्वतःचं नाव सांगितलं, आपण बिल्डिंगचे बॉयलर बघतो हेही सांगितलं. मग आजीचं सांगितलं: गाणी लागली की ती काय करते, कुठे बसते, काय म्हणते. "तुमच्या आईचा नाताळ सुरू झालेला आहे," ते म्हणाले. "तो रोज आहे. तुम्ही आत्ता यावं."

पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. काकांच्या चेहऱ्यावरून मला अंदाज येत होता: काम, सुट्ट्या, तिकीट बदलणं, आणि तुम्ही कोण हे मला सांगणारे? काका मधेच तोडत नव्हते. त्याचं बोलणं संपल्यावर त्यांनी हातातली चिठ्ठी दुमडली.

"सर, मी माझ्या आईला भेटायला जायचं डिसेंबरचं तिकीट काढलं होतं," ते म्हणाले. "रजा डिसेंबरपासून मंजूर होती. ती नोव्हेंबरात गेली."

मी हात वर केला नाही. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

जवळजवळ दोन वर्षं मी त्यांच्या घरात राहत होते आणि त्यांच्या आईबद्दलचा हा पहिला शब्द मी ऐकला होता. हा माणूस जन्मापासूनच घड्याळाच्या काट्यावर चालत असेल, असं मी धरून चालले होते. आता मला वाटतं, एका नियमानं त्यांना फसवलं होतं आणि ते मान्य करायला लागू नये म्हणून ते वीस वर्षं तो नियम जास्तच कडक पाळत होते. हे माझं वाटणं. त्यांनी असं कधी म्हटलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी उठून भात लावला आणि मला कोशिंबिरीसाठी काकडी चोचवायला सांगितलं.

शनिवारी मी आश्रमात गेले तेव्हा आजी बाकावर होती. लख्ख ऊन पडलेलं होतं. रस्ते कोरडे होते, बर्फाचा कण नव्हता. साडेअकराच्या सुमारास एक पन्नाशीपुढचा माणूस आत आला. हातात छोटी बॅग, अंगात पातळ जाकीट, ज्यांच्याकडे हिवाळा नसतो त्यांच्याकडे असतं तसं. आजी नेहमीप्रमाणे अर्धी उठली. या वेळी ती पूर्ण उठली.

"उशीर केलास," ती म्हणाली. "रस्ते खराब होते का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. वर्षभरात ती केवढीशी झाली होती, हे त्याला तेव्हा दिसलं असावं. मग म्हणाला, "हो आई. रस्ते फार खराब होते."

तिनं त्याच्या खांद्यावरचा नसलेला बर्फ झटकला. हात धरून त्याला जेवणघरात घेऊन गेली. त्या दिवशी टोमॅटोचं सूप आणि भाजलेलं चीज सँडविच होतं. तिनं दोन वाट्या सूप घेतलं आणि या वर्षीचं नाताळाचं जेवण चांगलं झालंय, असं वाढणाऱ्या मुलीला सांगितलं. जेवणानंतर ती त्याला त्याच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती. त्यातल्या बऱ्याच एकमेकींत मिसळल्या होत्या, पण तो कोण आहे हे ती दिवसभरात एकदाही विसरली नाही.

मी धावत तळघरात गेले. काका एक व्हॉल्व्ह फडक्यानं पुसत होते.

"आला?"

आला.

"जेवली?"

जेवली.

"मग ठीक," असं म्हणून ते पुसतच राहिले. वर चला म्हटलं तर आले नाहीत. त्या माणसाला ते भेटलेही नाहीत. तो रविवारी परत गेला.

सोमवारी आजीनं पुन्हा झगा मागितला आणि बाकावर जाऊन बसली. तो येऊन गेला हे तिच्याजवळ राहिलं नव्हतं. आणि सोमवारीच व्यवस्थापक बाईंनी काकांना बोलावलं. मुलानं तक्रार केली नव्हती. त्यानं उलट आभार मानले होते आणि त्या आभारांतूनच फोनची गोष्ट बाहेर आली. फाइलीतून खाजगी नंबर घेणं हे तिथं मोठं उल्लंघन होतं. काकांनी नाकारलं नाही, कारणही सांगितलं नाही. नियम बरोबर आहे, असंच ते मला म्हणाले. अठरा वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना महिनाअखेरीस काम सोडायला सांगण्यात आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी चौतीसही घड्याळं तपासली, चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि ट्रेननं घरी आले. मी जेवायला बाहेर जाऊ या म्हटलं तर म्हणाले, घरी पिठलं करू.

मी शनिवारी जाणं सोडलं नाही. तू जा, तुला कोणी काढलं नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. चोवीस डिसेंबरला माझ्या ऑफिसला सुट्टी होती म्हणून त्या दिवशीही गेले. बर्फ भरपूर पडला होता. मुलगा ठरल्याप्रमाणे आला, जाड कोट घालून, भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन. आजी त्या दिवशी बाकावर नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी तिनं झगा मागायचं थांबवलं होतं. वायरी पुन्हा जोडलेल्या होत्या, सगळ्या इमारतीत गाणी चालू होती आणि ती पलंगावर बसून खिडकीकडे बघत होती. तो दोन तास तिच्याजवळ बसला. तिनं त्याला डॉक्टर समजून आदरानं बोलायला सुरुवात केली. निघताना तिनं त्याचे आभार मानले आणि आपला मुलगाही असाच उंच आहे, असं सांगितलं.

दाराशी त्यानं मला गाठलं आणि बॉयलर बघणारे गृहस्थ कुठे भेटतील असं विचारलं. ते आता इथे काम करत नाहीत, हे मी सांगितलं. का, तेही सांगितलं. त्यानं हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. मग म्हणाला, मला त्यांच्या घरी घेऊन जाल का? तो माझ्या गाडीमागोमाग आला.

काकांनी दार उघडलं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. काकांनी त्याला आत घेतलं, स्वयंपाकघरात खुर्ची दिली आणि चहाचं आधण ठेवलं. तो कोट न काढताच बसला.

"तिनं आज मला ओळखलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"नोव्हेंबरात ओळखलं होतं," काका म्हणाले.

"हो."

चहा झाला. काकांनी कप त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "तुमची आई कशी होती?"

मला वाटलं, काका विषय टाळतील. पण ते त्याच्यासमोर बसले आणि सांगायला लागले. ती विड्या वळायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडीवर सूप आणि सुपात पानं, बोटांची टोकं काळी झालेली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मुलाची वही उघडी दिसली की ती हात पुसून मगच तिला शिवायची. इकडे आल्यावर तिची पत्रं शेजारची मुलगी लिहून द्यायची. काकांचं इंग्रजी चांगलं होतं, तरी आईबद्दल बोलताना ते अडायला लागले. एखादा शब्द मिळेना की माझ्याकडे बघत आणि मी तो इंग्रजीत सांगे. विडी कशी वळतात हे त्यांनी कागदाचा कपटा घेऊन करून दाखवलं.

मग शेवटच्या पत्राचं आलं. ते ऑक्टोबरात मिळालं होतं. काकांना ते पाठ होतं. ते मराठीतच म्हणून गेले: "इकडे सर्व ठीक आहे. माझी तब्येत मधून मधून बरी नसते. काळजी करू नये. जमल्यास ये."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. शेवटचं सांगितलं, "कम, इफ यू कॅन."

काकांनी मान हलवली.

"तसं नाही," ते मला म्हणाले. "मीही तसंच वाचलं होतं. 'जमल्यास' माझ्यासाठी घातलं होतं तिनं, मला जड जाऊ नये म्हणून. ती 'ये' म्हणत होती."

मी त्या माणसाकडे वळून तेवढंच पुन्हा सांगितलं, "कम."